सुट्टी कशाची, बॉस?

बुद्धपौर्णिमा शुक्रवारी आली की ऑफिसात एकच चर्चा: लाँग वीकेंडला कुठे? नागपूरकरांचं ठरलेलं, उमरेड-पवनी-कऱ्हांडला. वाघ दिसला तर धमाल! पण सुट्टी कशाची, हे शेजारच्या क्युबिकलला विचारून बघा. ईद दोन का असतात, गुड फ्रायडेला ‘हॅपी’ म्हणायचं का... भल्याभल्या एमबीएंची दांडी गुल. त्यांना तरी काय बोलणार? ‘सर्वधर्मसमभाव’ आपण शाळेत फक्त निबंधात लिहिला.

आता सफारीच्या वाटेवरचं पवनीच घ्या. भंडारा जिल्हा, वैनगंगेचा काठ, देवळंच देवळं. तिथल्या जगन्नाथ टेकडीत १९६९-७०च्या उत्खननात दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला, खांबांवर ब्राह्मी अक्षरांसकट! नाव जगन्नाथाचं, पोटात स्तूप. हे पोरांना सांगायचं तर धर्माबद्दल बोलावंच लागणार. मग मास्तर दचकले तर नवल नाही. सरकारी शाळेत धर्म? चालतं का?

चालतं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको, असं घटनेचं कलम २८ म्हणतं. म्हणजे अमुक धर्म पाळा, असे धडे नकोत. धर्माचा अभ्यास ही वेगळी गोष्ट, हा फरक घटना समितीत १९४८ साली खुद्द बाबासाहेबांनी सांगितला होता. (तेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले.) १९९९ मध्ये आपल्या शंकरराव चव्हाणांच्या संसदीय समितीने सगळ्या धर्मांची तोंडओळख शाळेतच करून द्या म्हटलं. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानेही त्याला हरकत घेतली नाही.

खरी गोची पुढे आहे. शिकवणार कोण? मूल्यशिक्षणाच्या नावाखाली एकाच धर्माचे धडे घुसतील, ही भीती तेव्हाही होती, आणि ती काही उगाच नव्हती. म्हणूनच मला वेगळा ‘धर्म’ विषय, वेगळं पुस्तक वगैरे फंडा पटत नाही. इतिहासाच्या तासाला वर्ग सरळ टेकडीवर न्या. स्तूपाभोवती लोक प्रदक्षिणा का घालायचे? टेकडीला जगन्नाथाचं नाव कसं पडलं? उत्तर मास्तरांना नाही आलं तरी चालेल, पोरं प्रश्न घरी नेतील. घरी कुणीतरी चिडेलही. चिडू दे. शेजारच्या बाकावरची मुलगी रोजा का ठेवते, हे पोराला व्हॉट्सअॅप फॉरवर्डमधून कळण्यापेक्षा ते परवडलं.