ही सॅक नेमकी कुणाची?

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या सूचनांचे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. दोन लिटर पाणी, टॉर्च, कपड्यांचा जादा जोड, चांगल्या ग्रिपचे बूट, कोरडा खाऊ, अंगावर दागिने नकोत. वर्षानुवर्षांच्या अनुभवातून घडलेली ही यादी चांगली आहे. तिच्यात एक ओळ मात्र सहसा नसते: प्रत्येक वस्तूवर नाव घालून आणा. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या साध्या वाटीवरही हौसेने नाव कोरून घेणारा आपला समाज, पण पाच-सहा हजारांच्या सॅकवर नाव लिहायचे म्हटले की त्याला संकोच वाटतो. वस्तू हरवू नये एवढ्यापुरती ही सूचना असती तर ती यादीच्या तळाशी असली तरी चालले असते. पण गडावर वस्तूंची अदलाबदल हा मुख्यतः सुरक्षिततेचा प्रश्न आहे, म्हणून तिची जागा टॉर्चच्या शेजारी आहे.

अदलाबदल होते ती निष्काळजीपणामुळेच असे नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या पाठीवरचे सामान गेल्या काही वर्षांत कमालीचे एकसारखे झाले आहे. एका पिढीने अ‍ॅक्शन कंपनीचे तेच ते बूट घालून गड पालथे घातले. आता त्याच दोन-तीन दुकानांतल्या काळ्या आणि निळ्या सॅक, तेच पोंचो, त्याच घडीच्या मॅट सगळीकडे दिसतात. शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडाच्या गुहांमध्ये वेगवेगळ्या गटांचे लोक दाटीवाटीने झोपतात, पहाटे अंधारात उठतात आणि हेडटॉर्चच्या उजेडात हाताला लागेल ते भरतात. ‘माझी सॅक मी ओळखतो’ हे घरच्या दिवाणखान्यात खरे असते. भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या आणि वर केशरी रेनकव्हर चढवलेल्या वीस सॅकच्या ढिगाऱ्यात ते खरे ठरेलच असे नाही. त्यातही रेनकव्हर ही सर्वांत फसवी वस्तू. सॅकवर नाव असले तरी ते कव्हरखाली झाकले जाते आणि बसच्या डिकीपाशी सगळे एकदम कव्हरे काढतात तेव्हा ती कव्हरेच आधी बदलतात. नाव दोन्हींवर हवे.

बदललेल्या सॅकबरोबर फक्त टॉवेल जात नाही. दम्याचा पंप, मधुमेहाची औषधे, कोरडे कपडे, चष्मा हे सगळे जाते. मोठा गट उतरताना नेहमीच फाटतो. पुढचे पायथ्याच्या गुंजवण्यात किंवा पाचनईत चहा घेत असतात तेव्हा मागचे वाटेतच असतात आणि मध्ये मोबाइलला रेंज नसते. जुलैच्या वाऱ्यापावसात भिजून थरथरणाऱ्या माणसाचा कोरडा स्वेटर दुसऱ्याच्या पाठीवरून पायथ्याला पोहोचला असेल, तर ही केवळ गैरसोय म्हणता येत नाही. कुणी वाट चुकले असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे स्वयंसेवक शोधाला निघतात. वाटेत सापडलेली बेवारस सॅक त्यांच्यासाठी दुवा ठरू शकते, पण ती शोध चाललेल्या माणसाची की गेल्या रविवारी कुणी विसरलेली, हे कळले तरच. आतल्या खिशात नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरच्या माणसाचा क्रमांक लिहिलेला एक प्लास्टिकबंद कागद असेल, तर ते लगेच कळते.

कडे आणि सुळके चढणारे मात्र या बाबतीत ट्रेकर्सच्या फार पुढे आहेत. लिंगाणा किंवा तैलबैलाच्या मोहिमेत दोन-तीन गटांचे साहित्य एकत्र येते, म्हणून प्रत्येक गट आपल्या कॅराबिनरवर ठरलेल्या रंगाची चिकटपट्टी गुंडाळतो. यामागे मालकीपेक्षा मोठे कारण आहे. नायलॉनचा दोर किंवा स्लिंग किती जुनी आहे, तिने किती ऊन खाल्ले, मोठा झटका सोसला का, हे नुसते पाहून बऱ्याचदा कळत नाही. ते नोंदवहीतच असते. खूण गेली की वस्तूचा इतिहास गेला, आणि इतिहास नसलेल्या दोरावर जीव टांगायचा नसतो. खूण चुकीच्या पद्धतीने केली तर तीही घातक ठरते. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने, म्हणजे यूआयएएने, 2002 साली इशारा दिला होता की दोरावर मार्कर पेनने खुणा केल्यास त्याची धक्का पचवण्याची क्षमता 50 टक्क्यांपर्यंत घटू शकते. खास दोरासाठी म्हणून विकली जाणारी पेनेही त्याला अपवाद नव्हती. म्हणून दोराच्या टोकाला पट्टी लावावी, भार पेलणाऱ्या भागाला हात लावू नये. प्लास्टिकच्या हेल्मेटवर रंग किंवा स्टिकर लावण्याआधी उत्पादकाची सूचना वाचावी. ‘नाव घालण्यानेच सामान बिघडते’ हा आक्षेप इथपर्यंत रास्त आहे. सॅक, बूट, बाटली आणि काठीला तो लागू होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सॅकवर ठळक नाव आणि फोन क्रमांक मिरवत अनोळखी गर्दीत फिरायचे, विशेषतः मुलींनी, ही कल्पना कुणालाही रुचणार नाही, आणि रुचू नयेच. पण बाहेर फक्त आद्याक्षरे किंवा रंगीत पट्टीची खूण ठेवावी, तपशील आत. बुटाच्या जिभेखाली, टॉर्चच्या बॅटरीच्या झाकणाआड. ‘डोंगरात सगळे सगळ्यांचे असते, नावे कसली घालता?’ असे म्हणणारेही भेटतात. वस्तू वाटून वापरण्याला नावाची आडकाठी नाहीच. उलट परत कुणाला द्यायची हे माहीत असले की माणूस मोकळ्या हाताने देतो. पायथ्याच्या गावातले यजमान विसरलेल्या बाटल्या आणि जॅकेटे महिनोन्‌महिने सांभाळतात, त्यांनाही निरोप कुणाला धाडायचा ते कळायला हवे. राहिला ब्लूटूथ टॅग. तो जवळपासच्या इतरांच्या फोनवरून आपला ठाव कळवतो. रेंज नसलेल्या दरीत पडलेल्या सॅकबाबत तो गप्पच बसणार.

राज्य सरकारने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून आयोजकांच्या जबाबदारीची चर्चा बरीच झाली. त्या चर्चेत ही क्षुल्लक वाटणारी बाब आलेली दिसत नाही. सहभागींना नाव घालून आणायला सांगणे ही आयोजकाची अर्धीच जबाबदारी झाली. भाड्याने दिलेल्या तंबूच्या कापडावर, दांड्यांच्या पिशवीवर आणि खुंट्यांच्या पिशवीवर एकच क्रमांक हवा, नाहीतर चार माणसांच्या कापडाला दोघांच्या तंबूचे दांडे येतात आणि ते कळते रात्री, वर पाऊस असताना. निघण्यापूर्वी पायथ्याला पाच मिनिटे काढून ज्यांच्या सॅकवर खूण नाही त्यांना आयोजकाने स्वतःजवळची पट्टी आणि पेन द्यावे. एक कापडी चिकटपट्टी अख्ख्या गटाला पुरते.