नाझिया हसन: गायिकेची निवेदिका होणे ही घसरण नव्हे

१/ नाझिया हसन म्हटले की आपल्याकडे १९८० चा 'कुर्बानी' आठवतो आणि स्मरण तिथेच थांबते. पुढे तिने टेलिव्हिजनवर संगीताचा कार्यक्रम सादर केला असे सांगितले, की लगेच शेरा येतो: 'म्हणजे गाणे संपले होते तर!' या शेऱ्याला इतिहासात आधार नाही.

२/ नाझियाचा जन्म १९६५ चा, कराचीचा. फिरोज खान यांच्या चित्रपटासाठी बिद्दू यांच्या संगीतात तिने 'आप जैसा कोई' गायले आणि जेमतेम पंधराव्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कार पटकावला. १९८१ मध्ये भाऊ झोहेबसह 'डिस्को दीवाने' आला.

३/ त्या वेळी तिच्या देशात काय चालले होते? जुलै १९७७ पासून जनरल झिया-उल-हक यांची लष्करी सत्ता आणि इस्लामीकरणाचे धोरण. कॅसेट घरोघर पोहोचत होती. पडदा मात्र सरकारच्या मुठीत होता.

४/ ऑगस्ट १९८८ मध्ये झिया विमान दुर्घटनेत मरण पावले. डिसेंबरात बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. आणि पुढल्याच वर्षी त्याच सरकारी पडद्यावर शोएब मन्सूर यांचा 'म्युझिक ८९' झळकला. निवेदक होते नाझिया आणि झोहेब.

५/ कुणी म्हणेल, 'व्हायटल साइन्स'चे 'दिल दिल पाकिस्तान' तर झियांच्याच काळात, १९८७ मध्ये गाजले होते. मान्य. पण ते देशभक्तिगीत होते. 'म्युझिक ८९'मध्ये पॉप संगीत कोणतेही सोवळे न नेसता, पॉप म्हणूनच आले. फरक इथे आहे.

६/ गायिका स्वतःसाठी जागा मिळवते. निवेदिका इतरांसाठी दार उघडते. ज्या पडद्यावर तरुण स्त्रीच्या वेशभूषेपासून हालचालींपर्यंत सारे तपासले जात होते, तिथे एक तरुणी यजमान म्हणून उभी राहिली आणि नव्या वाद्यवृंदांना पुढे बोलावू लागली. याला घसरण म्हणायचे?

७/ श्रेय एकट्या नाझियाचे नाही. निर्मात्याचेही आहे, बदललेल्या सत्तेचेही आहे. एका कार्यक्रमाने क्रांती होत नसते. ऑगस्ट १९९० मध्ये बेनझीर यांचे सरकार बरखास्तही झाले. मात्र एकदा दिसलेले दृश्य लोकांच्या स्मृतीतून बरखास्त करता येत नाही.

८/ लंडनमध्ये कायदा शिकलेली, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलेली ही स्त्री १३ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगाने गेली. वय अवघे पस्तीस.

९/ मित्रहो, आपण तहांची कलमे पाठ करतो, लढायांच्या तारखांवरून वाद घालतो. देशाच्या एकमेव पडद्यावर कोणाला उभे राहू दिले जाते, हाही सत्तेचा दस्तऐवजच असतो. तोही वाचायला शिकू या. निदान 'गाणे संपले होते' असे म्हणण्यापूर्वी.