डोळे मिटले, पण कान?

भुताचा सिनेमा बघायला बसलेल्या माणसाची एक सवय असते. आता काहीतरी भयंकर होणार असं वाटलं, की हात डोळ्यांवर जातो आणि शेजारच्याला हळूच विचारलं जातं, 'झालं का?' पण कान मात्र सताड उघडेच असतात! प्रेक्षकांना घाबरवणाऱ्यांनी ही मेख फार पूर्वीच ओळखली आहे.

१९४९ साली आलेला बॉम्बे टॉकीजचा 'महल' आठवा. त्यात रक्त नाही, दात विचकणारा राक्षस नाही. आहे ती एक ओसाड हवेली, दोनचे ठोके देणारं घड्याळ, झोपाळ्यावर बसलेली मधुबाला आणि कुठून तरी येणारा एका बाईचा सूर. गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी लांबून येत येत जवळ पोचल्यासारख्या वाटतात. आज असा परिणाम साधायला यंत्रावरचं एक बटण पुरतं. तेव्हा ती सोय नव्हती. संगीतकार खेमचंद प्रकाश यांच्या ध्वनिमुद्रणात माइक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि विशीतल्या लता मंगेशकर कोपऱ्यापासून गात गात एकेक पाऊल माइककडे येत होत्या. पुढे लताबाईंनीच ही हकिकत सांगितली. गंमत म्हणजे रेकॉर्डवर त्यांचं नावच नव्हतं. तिथे छापलं होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या नायिकेचं नाव! शेवटी भूत म्हणून जी वावरत होती ती माळ्याची मुलगी निघते. रहस्य उलगडलं तरी सुरातली हुरहुर काही जात नाही. 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वह कौन थी' (१९६४) या चित्रपटांनी हीच वाट धरली. त्यानंतर पांढऱ्या साडीतली बाई गाऊ लागली, की प्रेक्षक आपोआप सावरून बसू लागले.

तिकडे हॉलीवूडमध्ये आल्फ्रेड हिचकॉकला 'सायको'मधला (१९६०) न्हाणीघरातला खून संगीताशिवायच दाखवायचा होता. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी ते न ऐकता फक्त तंतुवाद्यांवर किंचाळणारे सूर बांधले. ते ऐकल्यावर हिचकॉकनं आपला हट्ट सोडला, हे त्याचं मोठेपण! पाऊण मिनिटाच्या त्या प्रसंगाचं चित्रीकरण सात दिवस चाललं. सुरा शरीरात घुसण्याचा आवाज हवा होता, तो खरबुजात सुरी खुपसून मिळवला. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. चित्रपट कृष्णधवल असल्यानं तो खपूनही गेला. बळी पडलेल्या नायिकेचं काम करणारी जेनेट ली पुढे सांगत असे, की तो प्रसंग पडद्यावर पाहिल्यापासून तिनं शॉवरखाली अंघोळ करणंच सोडलं. सगळं खोटं आहे हे जिला पुरतं ठाऊक, तिची ही गत!

'जॉज'च्या (१९७५) बाबतीत तर मोडकं यंत्रच मदतीला धावून आलं. स्टीव्हन स्पीलबर्गनं बनवून घेतलेला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. मग करणार काय? निम्म्याहून अधिक चित्रपट होईपर्यंत शार्क धड दिसतच नाही. जॉन विल्यम्स यांचे दोन सूर तेवढे ऐकू येतात, आधी संथ, मग झपझप. ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा स्पीलबर्गला थट्टाच वाटली होती. शेवटी जो रबरी मासा दिसतो, त्याला मात्र आजची मुलं खुशाल हसतात.

पॉप संगीतवाल्यांनीही हा मंत्र उचलला. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मध्ये (१९८२) भयपटांचा जुना नट व्हिन्सेंट प्राइस याचा घोगरा आवाज आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या जवळजवळ चौदा मिनिटांच्या व्हिडिओत कबरींतून उठलेली मढी नाचतात, ते बघून धमालच वाटते. अंगावर काटा येतो तो अगदी शेवटी. सगळं स्वप्न होतं असं वाटत असतानाच मायकेल वळून बघतो, त्याचे डोळे पिवळे झालेले असतात, चित्र तिथेच थिजतं आणि व्हिन्सेंट प्राइसचं हास्य तेवढं घुमत राहतं.

इथवर भीती विकत घ्यायची तर तिकीट काढून घराबाहेर जावं लागे. रामसे बंधूंचे चित्रपट 'केवळ प्रौढांसाठी' असत आणि दारावरचा माणूस पोरासोरांना परत पाठवू शकत असे. १९९३ साली रामसेंचाच 'झी हॉरर शो' केबलवरून थेट बैठकीच्या खोलीत आला, तेव्हा दारावरचं ते काम आईबाबांवर येऊन पडलं. 'तू आत जाऊन झोप' म्हणून पोराला पिटाळलं जाई. पण दीड-दोन खोल्यांच्या घरात 'आत' ते किती? पडद्याआड पडलेल्या मुलाला दाराची करकर ऐकू यायची, किंकाळी ऐकू यायची, आणि बाकीचं चित्र त्याचं तो रंगवायचा. ते टीव्हीवरच्या मुखवट्यांपेक्षा नक्कीच भेसूर असणार. आईबाबा बघत होते त्यातला निम्मा भाग तर हसण्यासारखाच असे! पुढे १९९५ साली 'आहट' आली. आहट म्हणजे चाहूल, नावातच आवाज.

आपल्या मराठी मुलांची झोप मात्र एका विनोदी चित्रपटानं उडवली. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू! रामदास पाध्ये यांची बाहुली, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि समोर लक्ष्मीकांत बेर्डे. मोठी माणसं पोट धरून हसत होती. पण बाहुली बोलते आणि मोठ्यांना ते खरं वाटत नाही, यापेक्षा भयंकर दुसरं काय असणार मुलांना? एखाद्या घरात मूल टीव्ही बंद झाल्यावरही खेळण्यांच्या कपाटाकडे पाठ करायला तयार नसेल, तर 'अरे, ते खोटं असतं' एवढ्यानं भागत नाही. जेनेट लीलासुद्धा ते माहीत होतंच की! त्यापेक्षा तोच प्रसंग दिवसाउजेडी, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून, मुलाला शेजारी घेऊन पुन्हा लावून बघावा. तात्या विंचू नुसताच तोंड उघडतो आणि मिटतो.