कच्चे मडके कोणाचे?

'हल्लीची मुले बिघडली आहेत' हे वाक्य धर्मग्रामाच्या सभेत, शाळेच्या पालक मेळाव्यात आणि लग्नाच्या पंगतीत सारख्याच आत्मविश्वासाने उच्चारले जाते. त्यामागोमाग उपायही ठरलेला असतो : शाळेत नीतिशिक्षणाचा आणखी एक तास ठेवा, फादरांनी व्यक्तिमत्त्व विकासाचे एखादे शिबिर घ्यावे. या उपायाला माझा स्पष्ट विरोध आहे. नीतिशिक्षण मला निरर्थक वाटते म्हणून नव्हे, तर ही मागणी करताना आपण वडीलधारी माणसे पिलातासारखे हात धुऊन मोकळे होतो म्हणून.

मुलांना पाठ कमी पडतात असे नाही. आपल्या शाळांचा दिवसच परिपाठाने सुरू होतो. प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा, सारे काही त्यात असते. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, सौजन्यशीलता अशी मूल्ये भिंतींवर रंगवलेली असतात. २०१७ साली नववीला आणि २०१८ साली दहावीला 'स्वविकास व कलारसास्वाद' हा श्रेणीचा विषय आला. आपल्या मुलांना त्याखेरीज रविवारचे धर्मशिक्षण असते. इतके पाठ गिरवूनही मूल कोरडे राहत असेल, तर खोट पाठांत नाही, अन्यत्र शोधावयास हवी.

ती मला एका मार्च महिन्यात धाराशिव जिल्ह्यातील एका परीक्षा केंद्राबाहेर दिसली. दहावीचा पेपर चालू होता. शाळेच्या मागच्या भिंतीवर पाचसहा बाप्ये चढले होते आणि खिडकीतून चिठ्ठ्या आत टाकत होते. त्यांत माझ्याच धर्मग्रामातील एक गृहस्थ होते. रविवारी मिस्साला पहिल्या रांगेत बसणारे. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते रागावले नाहीत, शरमलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "फादर, तुमचं खरं हाय. पण पोरगं नापास झालं तर त्याला माझ्यासारखा कोयता हातात धरावा लागंल. मग तुमचं नीतीचं पुस्तक त्याला भाकर देणार हाय का?"

मी निरुत्तर होऊन परतलो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ज्यांची घरे कुलूप लावून ऊसतोडीला निघतात, त्यांच्यापुढे पोट भरलेल्या धर्मगुरूने नीतीचे प्रवचन करणे सोपे नाही. तरीही त्या बापाला उत्तर देणे माझे कर्तव्य आहे, आणि ते मी आज देत आहे.

चिठ्ठीने कोयता सुटत नाही. चिठ्ठीवर उत्तीर्ण झालेला मुलगा अकरावीत जातो, तेथे त्याला साधा उतारा समजत नाही, आणि वर्षभरात तो पुन्हा फडातच उभा राहतो. त्याच्या गुणपत्रिकेवर गुण असतात, पदरात विद्या नसते. वर्ष वाया जाण्याचे भयही आता पूर्वीइतके उरलेले नाही. २०१५ पासून अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. पण मी कायद्याचा धाक घालीत नाही. मी एवढेच विचारतो : भिंतीवरून चिठ्ठी टाकणारा बाप मुलाला काय सांगत असतो? 'बाळा, तू स्वतःच्या बळावर उभा राहशील असे मला वाटत नाही,' हेच ना? स्वविकासाच्या विषयात 'अ' श्रेणी मिळवलेल्या मुलाला खुद्द त्याच्या बापाने दिलेली ही श्रेणी जन्मभर पुरते.

आपल्या जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. संतमेळाव्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा आपण सारेच जाणतो. त्या कथेतले नामदेव रुसले, पण अखेर विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले. आपण मात्र थापटणे घेऊन केवळ मुलांचीच डोकी ठोकीत बसलो आहो. कोणताही कुंभार सांगेल की मडके कच्चे राहिले तर तो मडक्याचा अपराध नसतो. आवाच नीट पेटलेला नसतो. घर, शाळा आणि धर्मग्राम हा आपल्या मुलांचा आवा आहे.

तो पेटतो तेव्हा काय घडते, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला होता. त्यांची प्रकृतीही साथ देत नव्हती. तरी ते आले, आणि या गावाने त्यांचे स्वागत केले. सर्वधर्मसहिष्णुता हा शब्द आपल्या मुलांनी परिपाठात अनेकदा ऐकला असेल. त्याचा अर्थ त्यांना त्या तीन दिवसांत मोठ्या माणसांच्या वागण्यातून कळला. २५ जुलै २०२४ रोजी फादर दिब्रिटो प्रभूघरी गेले. तो धडा मात्र येथेच राहिला आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. तो मान आहे, तसा भारही आहे. म्हणून नीतिशिक्षणाच्या वाढीव तासाऐवजी मी आपल्या कुटुंबांकडे तीन गोष्टी मागतो. परीक्षेच्या दिवशी आपल्यापैकी कोणी केंद्राच्या भिंतीपाशी दिसू नये. डिसेंबरपासून धर्मग्रामाचे सभागृह रोज संध्याकाळी अभ्यासासाठी उघडे राहील. तेथे शिकलेल्यांनी पाळीपाळीने बसावे, पहिली पाळी माझी. आणि ज्यांची चूल बरी पेटते, त्यांनी ऊसतोडीला जाणाऱ्या घरचे एक मूल हंगामभर आपल्या घरी ठेवून घ्यावे, मग ते ख्रिस्ती असो वा नसो.

तिसरी मागणी जड आहे, हे मी जाणतो. पण त्या बापाने मला भाकरीचा प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर आपण भाकरीनेच द्यावयास हवे, पुस्तकाने नव्हे.