‘लंडन टाऊन’ : एका पडलेल्या चित्रपटाची बाजू

चित्रपट पडला की त्याच्यावर माती लोटण्याची घाई सर्वांनाच होते. १९४६ सालचा ‘लंडन टाऊन’ हा ब्रिटिश संगीतपट या घाईचा बळी आहे, असे माझे मत आहे.

जे. आर्थर रँक यांच्या संस्थेला हॉलिवुडची बरोबरी करायची होती. म्हणून दिग्दर्शक वेस्ली रगल्स अमेरिकेहून आणला. गाणी रचणारे बर्क आणि व्हॅन ह्यूसेन हेही तिकडचेच! टेक्निकलर, नर्तिकांचे ताफे, आणि पैसा तर पाण्यासारखा. इकडे युद्धकाळातही जो मोकळा होता त्या पावावर त्याच वर्षी जुलैत ब्रिटनमध्ये रेशनिंग आले. लंडनच्याच नावाचा, पण उसना थाट लंडनकरांना परका वाटला, यात नवल ते काय?

पण या थाटाच्या मधोमध सिड फील्ड आहे. कथेत तो मोठ्या आशेने लंडनला आलेला विनोदी नट. येऊन पाहतो तो नेमणूक बदली नटाची! हा धागा दिग्दर्शकाने धरून ठेवायला हवा होता. गाणी मध्ये येतात आणि तो सुटतो. मात्र रंगभूमीवर गाजलेला फील्डचा गोल्फचा प्रवेश येथे जवळजवळ अखंड आहे. शिकवणाऱ्याचा शब्द न् शब्द अक्षरशः घेणारा आणि लहान मुलासारखा रुसणारा हा शिकाऊ खेळाडू पाहताना भोवतालच्या झगमगाटाचा विसर पडतो.

फील्ड १९५० साली पंचेचाळिसाव्या वर्षी वारला. त्याचे ते गोल्फ रंगीत पाहायचे, तर आजही याच पडलेल्या चित्रपटाकडे जावे लागते.