जुन्या वाफ्याची वाटणी

महसूल खात्याच्या कारकुनींत आमचा जन्म वाटणीचीं प्रकरणें लिहिण्यांत गेला. एका शेताचे चार हिस्से व्हावे, पुढील पिढींत चाराचे बारा, आणि अखेर कोणाच्याहि हिश्शांत नांगर वळण्यापुरती जमीन राहूं नये, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें. असे तुकडे पडूं नयेत म्हणून १९४७ सालीं मुंबई प्रांतांत कायदा करावा लागला. वाटणीचा आम्हांस तिटकारा आला तो त्यामुळेंच. बागेंत मात्र तोच तिटकारा आम्हांस नडला.

पुण्यांतील आमच्या घरामागें मातोश्रींनीं लाविलेला निशिगंधाचा वाफा होता. गुलटेकडीच्या बाजारांत यासच गुलछडी म्हणतात. त्या निवर्तल्यावर त्यांच्या हातचें उकरूं नये, या भावनेनें आम्हीं सहा वर्षें त्यास कुदळ लाविली नाहीं. पात हिरवीगार वाढे. फुलांचे दांडे मात्र दरसाल कमी होत गेले आणि शेवटच्या वर्षीं अवघे दोन आले. खणून पाहतां कंद एकमेकांस चेंगरून बसलेले व मधले कुजलेले आढळले.

कारण साधें आहे. निशिगंधाचा जो कंद एकदां फुलला तो पुन्हा फुलत नाहीं. पुढील फूल त्याच्या अंगच्या पिल्लांनीं द्यावयाचें असतें. दाटींत तीं पोसत नाहींत. याकरितां सुमारें तीन वर्षांनीं, पात पिवळी पडून कंद विश्रांतींत गेल्यावर, वाफा उकरावा. कंद सुटे करून सावलींत सुकवावे. सुपारीएवढे व त्याहून मोठे निरोगी कंद एप्रिल-मे महिन्यांत वीतभर अंतरानें लावावे. बारीक कंद निराळे पोसावे. शेवंतीचे बुडाशीं येणारे फुटवेहि बहर संपल्यावर मुळांसह वेगळे करावे. गवती चहाचा ठोंब पावसाळ्याच्या आरंभीं फोडावा.

चांगलें चाललेलें झाड कशास मोडावें, असें कोणी विचारतील. भरभरून फुलणाऱ्या वाफ्यास हात लावूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु दांडे घटूं लागले कीं ती नोटीसच समजावी. मात्र कुजका कंद कोणास देऊं नये. तो बागेबाहेर नष्ट करावा.

उरलेल्या निरोगी कंदांपैकीं कांहीं आम्हीं धाकट्या बंधूंकडे व भगिनीकडे पोंचविले. मातोश्रींचा निशिगंध आज तीन अंगणांत आहे. सभासद बंधूंनीं या उन्हाळ्यांत आपापला जुना वाफा एकदां उकरून पाहावा, ही विनंति.