भाड्याचे अभ्यंगस्नान

दिवाळीची पहिली अंघोळ भाड्याने मिळते, असे कोणी मला वीस वर्षांपूर्वी सांगितले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते. परंतु मागल्या दिवाळीत आमच्या धाकट्या चिरंजीवांनी पंगतीत जाहीर केले की, या खेपेस नरकचतुर्दशी घरी करायची नाही. घोटीजवळ एक बंगला दोन रात्रींसाठी घेतला आहे. त्याला पोहण्याचा तलाव आहे आणि अंगणात बुडबुडे सोडणारा गरम पाण्याचा टब. "आई, उटणं तेवढं आठवणीनं घे," असेही वर सांगितले.

आम्ही गेलो. खोटे कशाला बोलू? पहाटेच्या गारठ्यात, समोर डोंगराची काळी रेघ उजळत असताना, मी त्या टबात बसलो आणि गुडघ्यांना फार बरे वाटले. तेव्हा पुढे जे लिहीत आहे, ते न्यायाधीशाच्या खुर्चीवरून नव्हे, आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहीत आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

बंगल्याची झाडलोट करायला जवळच्या वाडीतील एक बाई येत असे. मी तिच्याजवळ तेथल्या पाण्याची तारीफ केली. ती हसून म्हणाली, "आत्ता हाये पानी, बाबा. चैतात या, मंग कळंल."

नातवंडांच्या हट्टाने एप्रिलअखेर पुन्हा त्याच बंगल्यावर जाणे झाले, आणि कळले. सकाळी त्या अरुंद रस्त्यावर दोन टँकर एकामागोमाग आले. पहिला आमच्या फाटकातून आत वळला. दुसरा पुढे वाडीच्या विहिरीवर गेला; तेथे हंडे-कळशांची रांग लागलेली होती, आणि त्या रांगेत आमची ती बाईही होती. त्या दिवशी मी टबात उतरलो नाही. परंतु पाणी तर भरून झालेच होते. माझ्या न उतरण्याने कोणाची कळशी भरली?

या टबाची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. इटलीतून कॅलिफोर्नियात जाऊन स्थायिक झालेल्या जकुझी बंधूंचा पंप बनवण्याचा धंदा होता. त्यांतील कँडिडो यांच्या लहान मुलाला संधिवात जडला. पाण्याच्या झोताने त्याला आराम पडतो, हे पाहून घरच्या टबात बसवता येईल असा पंप तयार झाला आणि १९५६ मध्ये तो बाजारात आला. पुढे १९६८ मध्ये त्याच घराण्यातील रॉय जकुझी यांनी पंप टबाच्या अंगातच बसवून दिला, आणि आजाऱ्याचे औषध निरोग्याची चैन होऊन बसले. चैनीला माझी हरकत नाही. दिवाळी हीसुद्धा चैनच आहे. हरकत आहे ती चैनीचे बिल कोणाच्या दारी जाते याबद्दल.

इगतपुरी तालुका म्हणजे पावसाचे माहेर. वर्षाला तेथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण हा सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि काळ्या बेसॉल्टच्या उतारावरून धावत सुटतो. या पाषाणाच्या पोटात पाणी साठवायला जागा थोडी. वरचा झिजलेला थर आणि खालच्या भेगा, एवढीच काय ती कोठी. धरणे आहेत, नाही असे नाही. परंतु दारणेचे पाणी खाली गोदावरीच्या कालव्यांना जाते आणि ऊर्ध्व वैतरणेचे मुंबईला. डोंगरकुशीतल्या वाडीने होळीनंतर त्या भेगांतल्या पाण्यावरच दिवस काढायचे. अशा ठिकाणी बंगलेवाला खोल बोअर घेतो, तेव्हा तो नवे पाणी निर्माण करीत नाही. त्याच कोठीला दुसरी, अधिक लांब नळी लावतो. आणि बोअर आटली की तो टँकर विकत घेतो. वाडी काय विकत घेणार?

आता थोडा हिशेब करू. जलजीवन मिशनने, म्हणजे केंद्र सरकारच्या २०१९ च्या योजनेने, खेड्यातील माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे मान ठरवले आहे. पाच-सहा माणसांच्या टबात सुमारे १,२०० लिटर पाणी मावते; म्हणजे एकवीस-बावीस माणसांचा एका दिवसाचा वाटा. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि सव्वा मीटरला थोडा कमी खोल असा लहानसा तलाव धरला, तरी एकवीस हजार लिटर झाले. पाच माणसांच्या कुटुंबाला ते अडीच महिने पुरेल. त्यातून उन्हाळ्यात दिवसाला सहा मिलिमीटर पाणी जरी वाफेने उडाले, तरी शंभराहून अधिक लिटर, म्हणजे दोन माणसांचा वाटा, सूर्यनारायण रोज घेऊन जातो. टबातले पाणी वीस अंशांवरून अडतीस अंशांवर नेण्यास पंचवीस युनिट वीज लागते, ती निराळीच. आमच्या लहानपणी तांब्याच्या बंबात गोवऱ्या घालून दोन बादल्या पाणी तापे, आणि तिसरी बादली मागणाऱ्याला आजीच्या डोळ्यांना डोळा देता येत नसे.

शिवाय हे पाणी एकदा भरले की संपले, असेही नाही. विलायतेत बाजारगावांच्या आसपास अशा टबवाल्या कॉटेजींचा धंदा आहे. कोमट पाण्यात आणि तुषारांत रोगजंतू वाढतात, म्हणून तेथील सरकारी आरोग्य-सुरक्षा खात्याची २०१७ ची पुस्तिका सांगते की, पाहुणे बदलताना टबातले पाणीही बदलावे. म्हणजे बंगलेवाल्याने स्वच्छता पाळली तर पाणी जाते, आणि पाणी वाचवले तर मागच्या बिऱ्हाडाच्या काढ्यात आपण उटणे लावून बसायचे!

यावर उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर रोजगाराचे. खरे आहे; त्या बाईला झाडलोटीचे पैसे मिळतात आणि ते तिला हवे आहेत. पण ज्या रोजगारासाठी तिने पहाटे विहिरीवर उभे राहून मग आमचा टब घासायचा, त्याला उपकार म्हणण्याची मला तरी लाज वाटते. आणि घोटीच्या बाजारपेठेचे काय? भाताच्या गिरण्यांचे हे गाव. पाहुण्यांनी तेथे उतरून चार किलो तांदूळ, भाजी घेतली असती तरी काही बोलता आले असते. आमच्या गाडीतून मात्र कांद्यापासून बर्फापर्यंत सारे मुंबईहूनच आले होते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. कसाऱ्याचा घाट आता आठेक किलोमीटरांच्या बोगद्याने टाळता येतो. पाहुणा जितका लवकर पोचतो, तितके वाटेतले गाव त्याला कमी दिसते.

दुसरे उत्तर असे की, जमीन शेतकऱ्याने राजीखुशीने विकली. विकली असेल. त्याने आपला बांध विकला. शेजारच्या वाडीच्या विहिरीतला झरा विकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला होता?

तिसरे उत्तर अधिक वजनाचे आहे: उसापुढे आणि शहरांपुढे एका टबाचे पाणी ते किती? मान्य. महाराष्ट्राची तहान टबांनी लागलेली नाही. पण विहिरीला राज्याची सरासरी कळत नाही. एप्रिलमध्ये तिच्या तळाशी जे काही हंडे उरतात, तेवढ्यांवरच वाडी जगते, आणि तेथे हजार लिटर म्हणजे पुष्कळ होतात.

मी बंदी मागत नाही. मागतो ते एवढेच. बंगल्याच्या पाण्याला मीटर असावा. तलाव आणि टब छपरावरच्या पावसाच्या टाकीतूनच भरावेत. तीन हजार मिलिमीटरांच्या गावी हे अशक्य नाही, फक्त खर्चाचे आहे. वाडीला टँकर सुरू झाला की, तो बंद होईपर्यंत टब कोरडा राहावा. बंगल्यांकडून मिळणाऱ्या करातून ग्रामपंचायतीने आधी वाडीची साठवण टाकी बांधावी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्यापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर घेऊ नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ मध्येच झाला. २००९ चा भूजल अधिनियम त्याच्याही पुढे गेला. उणीव कायद्याची नाही, तो मोजपट्टी घेऊन रानात जात नाही याची आहे.

आणि कायदा जाईल तेव्हा जाईल. गिऱ्हाईक तर आपणच आहोत. हा अंक हाती असताना तुमच्याही घरी सुट्टीचे बेत चालले असतील. बंगला ठरवताना टब केवढा, असे आपण हटकून विचारतो. त्याच दमात, उन्हाळ्यात या टबाला पाणी कोठून येते आणि शेजारच्या वाडीला कोठून, हेही विचारा. धंदा करणाऱ्याला गिऱ्हाइकाचा प्रश्न कायद्याच्या कलमापेक्षा लवकर समजतो. दहा कुटुंबांनी विचारले, तर अकराव्याच्या आधी पावसाच्या टाकीचे काम सुरू होईल.

आमचे म्हणाल, तर यंदाची नरकचतुर्दशी घरीच आहे. चिरंजीव थोडे नाराज आहेत, गुडघेही कुरकुरतील. माणशी दोन बादल्या ठरल्या आहेत. तिसरी कोणी मागितली, तर आजीचे डोळे आता मला आणावे लागतील.